अबुल वफा बूझजानी : आकड्यांच्या चौरसाचे जाणकार



७८६ हा आकडा तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. दुकानाच्या पाटीवर, ट्रकच्या कपाळावर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर तो असतो. नोटेच्या क्रमांकात तो सापडला तर आपण ती नोट मोडत नाही, जपून ठेवतो. पण हा आकडा आला कुठून, असे वर्गात विचारले तर हात वर करणारी मुले थोडीच निघतात.

खरे म्हणजे यात गूढ असे काही नाही. हिंदुस्थानातून दशमान पद्धतीचे अंक अरबस्तानात पोहोचण्यापूर्वी अरबी लोक अक्षरांनीच आकडे लिहीत. अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, जीम ३, दाल ४. या पहिल्या चार अक्षरांवरूनच त्या पद्धतीला अब्जद हे नाव पडले. पुढे छोटी हे ५, वाव ६, झे ७, बडी हे ८, तोय ९, ये १०. मग काफ २०, लाम ३०, मीम ४०, नून ५० असे दहा-दहांनी चढत जायचे, काफ (मोठा) १०० झाला की शंभरांनी, आणि शेवटी गैन म्हणजे १०००. आता बिस्मिल्लाच्या पूर्ण वाक्यातील अक्षरांची किंमत मांडा. पहिल्या शब्दाचे १०२, अल्लाहचे ६६, अर्रहमानचे ३२९, अर्रहीमचे २८९. बेरीज करा. ७८६.

ज्या लिपीत प्रत्येक शब्द हा आकडाही असतो आणि प्रत्येक आकडा शब्दही होऊ शकतो, तिथे या दोघांचा खेळ सुरू व्हावा हे स्वाभाविकच होते. या खेळातला सर्वांत देखणा डाव म्हणजे आकड्यांचा चौरस. आडव्या, उभ्या, तिरप्या कोणत्याही ओळीची बेरीज सारखीच यावी अशी घरे भरायची. आपल्याकडे हा चौरस बहुतेकांनी कुठे पाहिला असेल, तर तो तावीजात. कागदाची घडी, वर मेणकापड, त्यावर शिवण. आत काय लिहिले आहे ते मुलाने उघडून पाहायचे नसते. तावीज बांधावा की बांधू नये, हा प्रश्न मी उलेमांवर सोडतो. त्या बाबतीत बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण हजार वर्षांपूर्वी एका मुसलमान गणितज्ञाने हाच चौरस उघडून पाटीवर मांडला, त्याचे घर न् घर का आणि कसे भरते ते शिकवले, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक नसावी याचे मात्र वाईट वाटते. त्यांचे नाव अबुल वफा मुहम्मद बिन मुहम्मद बूझजानी.

अबुल वफा यांचा जन्म हिजरी सन ३२८ च्या पहिल्या रमजानला, म्हणजे १० जून ९४० रोजी झाला. गाव बूझजान. हे खुरासानात, आजच्या इराणच्या ईशान्य भागात येते. गणिताचे पहिले धडे त्यांनी घरातच घेतले. त्यांचे एक काका आणि एक मामा, दोघेही हिशेबाच्या विद्येत तयार होते. काका-मामांनी शिकवावे आणि भाच्या-पुतण्याने त्यांच्या पुढे जावे, असे हे घर होते. पालकहो, मोठ्या मदरशाचा दरवाजा उघडण्यापूर्वी या मुलाची बैठक घरच्या जाजमावर पक्की झाली होती, हे ध्यानात घ्या.

एकोणिसाव्या वर्षी, ९५९ साली, ते इराकला गेले आणि बगदादमध्ये राहिले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी तिथेच काढले. तेव्हा खलिफा अब्बासी घराण्याचा होता, पण सत्ता बुवैही अमिरांच्या हाती होती. हे अमीर आपसांत भांडत, गादीसाठी लढत. तरीही विद्वानांना आश्रय देण्याची त्यांना हौस होती. अझुदुद्दौला या अमिराने बगदादेत मोठे रुग्णालय बांधले, त्याचा मुलगा शरफुद्दौला याने वाड्याच्या बागेत वेधशाळा उभारली. अशा शहरात अबुल वफा यांनी युक्लिड, डायोफँटस आणि अल्‌ ख्वारिझ्मी या तिघांच्या ग्रंथांवर टीका लिहिल्या. दुर्दैवाने त्या तिन्ही टीका नष्ट झाल्या.

जे टिकले त्यातला एक ग्रंथ आपल्या कारकून, व्यापारी आणि वसुली खात्यातील वाचकांनी विशेष आस्थेने ऐकावा असा आहे. सरकारी लेखनिक आणि कामदार यांना अंकगणितातील जे जे लागते ते सर्व सांगणारा हा ग्रंथ त्यांनी ९६१ ते ९७६ या काळात लिहिला. त्याचे सात भाग आणि प्रत्येक भागाची सात प्रकरणे. पहिल्या तीन भागांत गुणोत्तरे, गुणाकार-भागाकार, क्षेत्रफळे. पुढे जमिनीचा सारा, नाण्यांची अदलाबदल, सैनिकांचे पगार, व्यापाऱ्यांचे व्यवहार. आणि गंमत अशी की, या संपूर्ण ग्रंथात एकही अंकचिन्ह नाही! सगळे आकडे शब्दांत. हिंदी अंक बगदादेत येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली होती, अबुल वफा यांना ते उत्तम येत होते. पण कचेरीतला लेखनिक मनात आणि बोटांवर हिशेब करीत असे, म्हणून त्याला त्याच्याच रीतीने शिकवले. याच ग्रंथात तीनातून पाच वजा केल्यावर उरणाऱ्या राशीला त्यांनी दोनाचे कर्ज म्हटले आहे. ऋण संख्येला कर्ज हा शब्द. लेखनिकाला ते एका झटक्यात कळले असणार.

दुसरा ग्रंथ कारागिरांसाठी. सुतार, गवंडी, फरशीवर नक्षी बसवणारे यांना भूमितीतले जे लागते ते त्यात आहे. बगदादेत कारागीर आणि भूमितिज्ञ एकत्र बसून प्रश्नांची चर्चा करीत आणि अशा बैठकींना अबुल वफा स्वतः हजर असत. एका बैठकीतला प्रश्न असा की, सारख्या मापाच्या तीन चौरस फरश्या आहेत. त्या कापून एकच मोठा चौरस करायचा. कारागिरांनी आपल्या हाताच्या अंदाजाने रीती काढल्या. दिसायला बरोबर, पण मापाला चुकीच्या. भूमितिज्ञांना मोठ्या चौरसाची बाजू किती हे सिद्ध करता येत होते, पण करवत कुठून चालवायची हे सांगता येत नव्हते. अबुल वफा यांनी दोन फरश्या कर्णावर कापून चार त्रिकोण केले, तिसरी फरशी मध्ये अखंड ठेवली, तिच्या चार बाजूंना फिरत्या पंख्याच्या पात्यांसारखे एकेक त्रिकोण लावले. मग त्रिकोणांचे बाहेरचे चार काटकोन सरळ रेषांनी जोडले. रेषेबाहेर डोकावणारा प्रत्येक तुकडा कापून शेजारच्या रिकाम्या जागेत नेमका बसतो. घरी पुठ्ठ्याचे तीन चौरस कापून करून पाहा, दहा मिनिटांचे काम आहे. तुकडा जागेवर बसल्याचे समाधान निराळेच असते.

आता मूळ विषयाकडे वळू. आकड्यांच्या चौरसाला अरबीत वफ्क म्हणतात. वफ्क म्हणजे मेळ, जुळणी. हा चौरस अरबांनीच शोधला असे म्हणणे बरोबर होणार नाही. तीन घरांचा चौरस चीनमध्ये फार जुन्या काळापासून माहीत होता, आणि आपल्या देशात वराहमिहिराने सहाव्या शतकात सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणासाठी चार घरांचा चौरस दिलेला आहे. इस्लामी जगात जाबिर बिन हय्यान यांच्या नावावर असलेल्या ग्रंथांत तीन घरांचा चौरस बाळंतपण सुलभ व्हावे यासाठी सांगितला आहे. म्हणजे सुरुवातीपासून त्याला तोडग्याचे रूप होते. अशा वेळी दहाव्या शतकात दोन गणितज्ञांनी या विषयावर निव्वळ गणिताचे लेखन केले. एक अल्‌ अन्ताकी, जे ९८७ मध्ये वारले, आणि दुसरे आपले अबुल वफा. या विषयावरची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी अरबी लेखने ही या दोघांची. चौरसाच्या घरांत संख्या कशा मांडाव्यात यावर अबुल वफा यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात रोगावर उतारा नाही, शत्रूवर जय नाही. चौरस कसा बनतो, एवढाच प्रश्न.

पाटी घ्या. एक ते नऊ हे आकडे नऊ घरांत भरायचे आहेत. ते असे बसतात :

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

हे पाठ करून टाकणे सोपे आहे. आपली मुले तेच करतात. पण का असेच बसतात? एक ते नऊची बेरीज ४५. ओळी तीन, म्हणून प्रत्येक ओळ १५ ची. आता मधल्या घरातून जाणाऱ्या ओळी मोजा : एक आडवी, एक उभी, दोन तिरप्या. चार ओळी म्हणजे ६०. या चार ओळींत प्रत्येक घर एकदा येते, फक्त मधले घर चार वेळा, म्हणजे तीन वेळा जास्त. ६० मधून ४५ गेले, उरले १५. त्याचा तिसरा हिस्सा ५. म्हणून मध्ये पाचच हवा, दुसरा आकडा चालणारच नाही. आता एक कुठे बसेल? कोपऱ्यात बसवला तर समोरच्या कोपऱ्यात नऊ येणार, आणि एकाला त्या कर्णाखेरीज आणखी दोन ओळी भराव्या लागणार. प्रत्येकीला उरलेल्या दोन घरांत १४ हवे. पाच आणि नऊ खर्ची पडले, आता १४ होतात ते फक्त ६ आणि ८ मिळून. जोडी एक, ओळी दोन. जमत नाही. तेव्हा एक कोपऱ्यात बसत नाही. तो कडेच्या मधल्या घरात, सहा आणि आठ यांच्या मध्ये. सहासमोर चार, आठासमोर दोन, आणि बाकीचे आपोआप. चौरस उलटासुलटा फिरवा, आरशात पाहा, पण मुळात तो एकच आहे. जगात दुसरा नाही.

हे झाले आकड्यांचे. आता त्याच चौरसात दडलेले शब्द पाहा. एकंदर बेरीज ४५. अब्जदप्रमाणे आदम या नावात अलिफ १, दाल ४, मीम ४०, मिळून ४५. एका ओळीची बेरीज १५. हव्वा हे नाव लिहिताना बडी हे ८, वाव ६, अलिफ १, मिळून १५. सगळा चौरस मिळून आदम आणि त्याची प्रत्येक ओळ हव्वा! जुन्या लोकांना हे सापडले तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला असेल. शनि ग्रहाचे अरबी नाव झुहल. त्याचेही ७, ८ आणि ३० मिळून ४५ होतात, म्हणून हा चौरस शनीचाही मानला गेला. चार कोपऱ्यांत सम आकडे आहेत : २, ४, ६, ८. त्यांची अक्षरे बे, दाल, वाव, बडी हे. ती जोडून झाला बुदूह. या शब्दाला अर्थ काहीच नाही, तो कोपऱ्यांतून तयार झालेला शब्द आहे. पण कित्येक मुसलमान देशांत लोक तो पत्रांवर आणि गाठोड्यांवर लिहीत, माल सुखरूप पोहोचावा म्हणून. पुढेपुढे लोकांना तो कुणा जिन्नाचे किंवा फरिश्त्याचे नाव वाटू लागला. चार आकडे होते हे विसरले गेले, की असेच होते.

आणखी एक खेळ आहे, तो मुलामुलींनी जरूर करून पाहावा. एखाद्या नावाची बेरीज तीनने भागली जात असेल तर त्या नावाचा चौरस करता येतो. फातिमा हे नाव घ्या : फे ८०, अलिफ १, तोय ९, मीम ४०, छोटी हे ५. एकूण १३५. तिसरा हिस्सा ४५, तो मध्ये. पाचाच्या जागी ४५, म्हणजे मूळ चौरसाच्या प्रत्येक घरात चाळीस मिळवायचे :

४४ ४९ ४२
४३ ४५ ४७
४८ ४१ ४६

कोणतीही ओळ जुळवा, फातिमा. अल्लाहच्या नावाची बेरीज ६६, तिचा तिसरा हिस्सा २२. मूळ घरांत सतरा मिळवले की तो चौरस तयार. आणि ७८६ चा तिसरा हिस्सा २६२. पुढचे तुम्हीच भरा. तावीजातील नक्श म्हणून जो कागद येतो, त्यात पुष्कळदा हीच युक्ती असते. तिला मिळवणी यावी लागते, आणखी काही नाही.

नावाची बेरीज तीनने भागली जात नसेल तर? अहमद या नावाचे १, ८, ४० आणि ४ मिळून ५३ होतात. इथे दुसरी रीत चालते. नाव चार अक्षरांचे, तेव्हा चार घरांचा चौरस घ्या आणि पहिल्या ओळीत सरळ नावच लिहा :

अ ह म द
द म ह अ
ह अ द म
म द अ ह

आडवे, उभे, दोन्ही कर्ण तपासा. प्रत्येक ओळीत चारही अक्षरे एकेकदा आली आहेत, म्हणून प्रत्येक ओळ ५३ ची. इथे आकडा परत परत येतो, तो तसा येऊ न देता, पहिल्या ओळीत नाव कायम ठेवून बाकीच्या घरांत निरनिराळ्या संख्या भरण्याच्या रीतीही नंतरच्या अरबी गणितज्ञांनी काढल्या. तो भाग कठीण आहे. अकरावी-बारावीच्या हुशार विद्यार्थ्यांनी तो बीजगणिताच्या आधाराने स्वतः धुंडाळावा.

अबुल वफा यांच्या ग्रंथातील मोठी गोष्ट मात्र चौकटीची आहे. लहान चौरसाभोवती चौकट बांधून मोठा करायचा, त्याभोवती आणखी एक चौकट, असे हवे तितके वाढवत जायचे, ही रीत त्यांनी समजावून सांगितली. पाच घरांचा चौरस करायचा झाल्यास १ ते २५ पैकी मधले नऊ आकडे, ९ ते १७, आतल्या तीन घरांच्या चौरसात मूळ क्रमानेच बसतात. म्हणजे प्रत्येक घरात आठ मिळवायचे. आतली ओळ ३९ ची होते. उरलेले सोळा आकडे चौकटीत. १ समोर २५, २ समोर २४, ३ समोर २३, अशा प्रत्येक जोडीची बेरीज २६. आणि ३९ अधिक २६ म्हणजे ६५. याच रीतीने मी मांडलेला हा एक चौरस :

१८ ३ २ २२ २०
१९ १४ ९ १६ ७
२१ १५ १३ ११ ५
१ १० १७ १२ २५
६ २३ २४ ४ ८

चौकट काढून टाका, आतला चौरस तरीही जादूचाच राहतो. चौकटीतील जोड्या नेमक्या कशा निवडायच्या यात खरे कौशल्य आहे. कारण वरची ओळ आणि डावी ओळ स्वतंत्रपणे ६५ ची व्हावी लागते, आणि कोपरे दोघींच्या वाट्याला येतात. पहिल्या खेपेला जमत नाही. दुसऱ्या खेपेलाही बहुधा नाही.

पुढल्या काळात काय झाले तेही सांगायला हवे. तीन घरांचा चौरस पुढे इमाम गझाली यांच्या नावाने प्रसिद्ध झाला, कारण त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. १२२५ साली वारलेल्या अल्‌ बूनी यांच्या नावावरच्या ग्रंथांतून अक्षरे, आकडे आणि अल्लाहची नावे यांचे चौरस तोडग्यांसाठी सर्वत्र पसरले. अल्‌ बूनी यांच्या ग्रंथांच्या नकला गावोगावी झाल्या. अबुल वफा यांचा ग्रंथ मात्र फार थोड्यांनी वाचला. चौरस राहिला, त्यामागचा विचार मागे पडला. आमच्या समाजाच्या गेल्या काही शतकांच्या शैक्षणिक इतिहासाकडे पाहताना मला हे उदाहरण वारंवार आठवते.

अबुल वफा नुसते आकड्यांत बुडालेले गृहस्थ नव्हते. बगदादच्या वजीर इब्न सअदान यांच्या दरबारी त्यांचे वजन होते. अबू हय्यान तौहीदी हा अरबी गद्याचा श्रेष्ठ लेखक तेव्हा विपन्नावस्थेत होता, नकला करून पोट भरत होता. अबुल वफा यांनी त्याला वजिरापर्यंत पोहोचवले. वजिराच्या रात्रीच्या मैफलींत तत्त्वज्ञान, भाषा, राजकारण अशा नाना विषयांवर गप्पा होत. त्या गप्पांचा वृत्तान्त तौहीदीने अबुल वफा यांच्यासाठीच लिहून काढला, आणि तो ग्रंथ अरबी साहित्याचे एक भूषण ठरला. गणितज्ञाच्या हातून साहित्याची अशीही सेवा झाली.

दहावीनंतर ज्यांनी त्रिकोणमिती घेतली आहे, त्यांची अबुल वफा यांच्याशी रोज गाठ पडते, फक्त ओळख नसते. साइन, कोसाइन, टँजंट वगैरे सहाही गुणोत्तरे त्यांनी एकत्र, पद्धतशीर मांडली. टँजंटचा उपयोग त्यांनी रूढ केला. साइनची कोष्टके त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तयार केली. अर्ध्या अंशाची साइन त्यांनी काढली ती आठ दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. यंत्र नाही, लॉगॅरिथम नाही. आणि ही कोष्टके, ज्योतिषशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे, अब्जदच्या अक्षरांतच लिहिली जात. साइन या शब्दाची कथाही शब्दांच्या खेळात शोभणारी आहे. मूळ संस्कृत शब्द ज्या किंवा जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी तो जसाच्या तसा घेऊन लिहिला. पण अरबीत स्वर लिहीत नाहीत, तेव्हा वाचणाऱ्यांनी तो जैब असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याचा वळसा, खिसा. आपण म्हणतो ती जेब तीच. लॅटिन भाषांतरकारांनी त्या वळशाचा अर्थ घेऊन सायनस केले. धनुष्याची दोरी अशी खिशात पडून युरोपला गेली.

शरफुद्दौलाच्या वेधशाळेचे काम ९८८ साली अबू सहल अल्‌ कूही यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. तिथल्या वेधांत अबुल वफा सहभागी होते. पुढच्याच वर्षी अमीर वारला आणि वेधशाळा बंद पडली. राजाच्या आश्रयावरची विद्या राजाबरोबर जाते. स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या शिक्षण संस्थेचे मोल यावरून समजते.

इथे एका गोष्टीचा खुलासा करतो, कारण अनेक स्मरणिकांतून ती वाचण्यात येते. १८३६ साली सेदियो नावाच्या फ्रेंच विद्वानाने असे मांडले की, चंद्राच्या गतीतील एक सूक्ष्म फरक, जो युरोपात टायको ब्राहे यांच्या नावावर आहे, तो सहाशे वर्षे आधी अबुल वफा यांनी शोधला होता. यावर पॅरिसमध्ये कित्येक वर्षे वाद गाजला. शेवटी मूळ अरबी मजकूर नीट तपासल्यावर असे ठरले की, अबुल वफा यांनी वर्णन केलेला फरक टॉलेमीला ठाऊक असलेलाच होता. तेव्हा हे श्रेय त्यांना देऊ नये. जे त्यांचे नाही ते त्यांच्या पदरात घातल्याने त्यांची उंची वाढत नाही, आणि आपल्या मुलांना परीक्षागृहात ते खोटे पाडते.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी जे काम केले ते मला सर्वांत हृद्य वाटते. २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होते. ख्वारिझ्ममधील काथ या शहरी, आजच्या उझबेकिस्तानात, अबू रैहान अल्‌ बैरूनी नावाचा चोवीस वर्षांच्या आतला तरुण होता. त्याने आणि अबुल वफा यांनी आधी ठरवून, एकाने काथमध्ये आणि दुसऱ्याने बगदादेत, त्याच ग्रहणाची वेळ टिपली. ग्रहण लागते ते सर्व ठिकाणी एकाच क्षणी. पण स्थानिक वेळ मात्र जागोजाग वेगळी. दोन नोंदींत सुमारे एका तासाचा फरक आला. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंशांचा फेरा करते, म्हणून एक तास म्हणजे पंधरा अंश. अशा रीतीने दोन शहरांच्या रेखांशांतील अंतर निघाले. छप्पन्न वर्षांचा नामांकित पंडित आणि अद्याप नाव न झालेला दूरचा मुलगा, दोघे एका रात्री एकाच चंद्राकडे पाहत होते. तो मुलगा पुढे हिंदुस्थानात येऊन संस्कृत शिकला आणि या देशावर त्याने थोर ग्रंथ लिहिला, हे तुम्ही इतिहासात वाचलेच आहे.

या ग्रहणानंतर थोड्याच काळात, ९९८ च्या सुमारास, अबुल वफा बगदादेत वारले. चंद्राच्या आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवर एका विवराला त्यांचे नाव आहे. आकड्यांच्या चौरसांवरचा त्यांचा ग्रंथ इस्तंबूलच्या एका हस्तलिखित संग्रहात, आयासोफियाच्या पोथ्यांमध्ये, शतकानुशतके पडून होता. झाक सेझियानो या गणिताच्या इतिहासकाराने त्याचा अभ्यास करून तो १९९८ साली प्रसिद्ध केला, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर सुमारे हजार वर्षांनी.